दाजींचा मिलिट्री ट्रक

॥ श्री ॥

वडीगोद्री,
श्रावण वद्य ५, शके १८७५

चि. भुजंगास अक्काकडून पोटभर आशीर्वाद. इकडं आम्ही सगळी बरी आहोत. तुझी आणि नंदाची, दोघा नवराबायकोची खुशाली चार ओळींत का होईना, कळवीत जा.

जालन्यापासून वडीगोद्री काय विलायतेला आहे का रे? पंचमीला येतो म्हणालास आणि मी मेलीनं दारात उभी राहून पाय मोडून घेतले. आता आलास की आधी कान पिळणार, मंग जेवायला वाढणार.

कामाचं लिहिते. ह्यांनी लष्कराच्या लिलावात घेतलेला मिलिट्री ट्रक तुला ठाऊक आहे. शिवेपर्यंत आला आणि बसला, तो चार वर्षं गोठ्यामागं पडून आहे. सीटवर कोंबडी अंडी उबवून राह्यली, टपावर सासूबाई मिरच्या वाळवतात. लोक ह्यांना ट्रकवाले पाटील म्हणून हसतात, ते ह्यांना फार लागतं. काल जेवताना ह्यांनीच तुझं नाव काढलं. म्हणाले, लढाईत ब्रह्मदेशात भुजंगानं असलेच ट्रक हाकले आणि दुरुस्त केले, हा चालू केला तर त्यानंच करावा. केला तर अर्धा ट्रक त्याच्या नावावर, चालवायचाही त्यानंच, आणि मागच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड करावं. माझ्यासमोर, सासूबाईंसमोर म्हणाले, देवाशप्पथ!

दुसऱ्याच्या गॅरेजात किती दिवस राबशील? नंदाचा खोकला त्या कोंदट खोलीत कसा जाईल? माझा भाऊ माझ्या दारी राहायला येईल, ह्याहून मला आणखी काय पाहिजे? शेठकडून रजा काढ आणि जल्दी ये.

तुझ्यावर जीव आहे हे काय लिहायला पाहिजे?
तुझी अक्का, दुर्गा

•

जालना, ८ ऑक्टोबर १९५३

ती. अक्काच्या पायी भुजंगाचा नमस्कार. परवा बराबर पोचलो. निघताना तुझ्याशी धड बोललो न्हाई म्हणून आज लिहून राह्यलो.

महिनाभर तुझ्या गोठ्यामागं चिखलात लोळलो. पिस्टन गंजून बसले होते, ते रॉकेलात भिजवून भिजवून सोडवले. वायरी उंदरांनी खाल्ल्या होत्या, त्या सगळ्या नव्या ओढल्या. हँडल मारल्यावर ट्रक धडधडला तेव्हा तू पदर तोंडाशी धरून रडलीस, ते मी पाह्यलं. मला वाटलं, झालं, आता आपले दिवस आले. नंदाला त्याच दिवशी निरोप धाडला की सामान बांधून ठेव.

आणि दुसऱ्या दिवशी दाजींनी स्टेरिंगवर कारभारीला बसवलं! त्यांचा चुलतभाऊ, कापसाच्या जिनात दोन हंगाम गाडी हाकली, एवढीच त्याची विद्या. मी विचारलं तर दाजी हसले. म्हणाले, अर्ध्या ट्रकची गोष्ट कुणी केली? मेव्हणा पाहुणा म्हणून आला, खाल्लं-प्यालं, जरा हात चालवला, त्याचं एवढं काय? वर सांगितलं की पुन्हा हा विषय काढायचा असेल तर माझ्या दारात पाय ठेवू नको. अक्का, तू तिथंच चुलीपाशी होतीस. तुझ्या सासूबाई होत्या. तुमच्यासमोर दिलेला शब्द होता, आणि तू खाली मान घालून भाकरी थापत राह्यलीस.

इथं नंदानं बांधलेलं गाठोडं सोडलं. एकएक भांडं पुन्हा फळीवर मांडलं, तेच जास्त झोंबलं.

ट्रकवर माझा राग न्हाई. इंजिनात आता घातलेलं तेल लवकर काळं पडेल. ते काढून टाका आणि मी पत्र्याच्या डब्यात नवं ठेवलंय, तेच भरा.

माझ्यावरचा लोभ किती उरलाय, ते तुझं तूच पाहा.
भुजंग

•

॥ श्री ॥

वडीगोद्री,
आश्विन शुद्ध ९, शके १८७५

चि. भुजंगास अक्काचे आशीर्वाद.

तू बोललास ते खरं आहे. या घरात मी तोंड उघडलं की पुढं आठ दिवस काय चालतं, ते तू पाह्यलेलं न्हाईस. एवढंच म्हणते. रागावलेला असलास तरी माझाच आहेस ना?

आज खंडेनवमी. नांगर, विळे, कुऱ्हाडी धुऊन मांडल्या, आणि यंदा त्या रांगेत ट्रक! झेंडूच्या माळा घातल्या, हळदकुंकू वाह्यलं. गावातल्या बाया बघायला आल्त्या. हँडल मारलं की माझा ऊर भरून येतो, कारण तो तुझ्या हातचा आहे. लोक काही म्हणोत.

तू तेलाचं लिहिलंस ते विसरले न्हाई. काळं तेल कारभारीनं सकाळी काढलं. पण सासूबाई म्हणाल्या, त्या डब्यातल्या तेलात कसली चरबी असती कोण जाणे, नवमीच्या दिवशी पूजेच्या वस्तूत ते पडायला नको. मंग मी तुझं तेल माठात काढून ठेवलं आणि डब्यात आपल्या घाण्यावरचं करडीचं तेल वस्त्रगाळ करून भरलं. कारभारीनं न बघता ओतलं. बैलगाडीच्या आखाला आपण हेच घालतो, कधी कुरकुर न्हाई. ट्रक कसा लोण्यासारखा चालून राह्यला! ह्यांना सांगितलं न्हाई. तुझ्या कामाला माझाही हात लागला, म्हणून मनातल्या मनात खूश आहे.

उद्या सगळे ट्रकात बसून सोनं लुटायला जातील. पुढच्या सोमवारी कापूस भरून पहिली खेप जालन्याला. कारभारीसंगं नंदाला करंज्या धाडीन.

राग सोड रे बाबा, आणि दोन ओळी लिही.
अक्का

•

जालना, २१ ऑक्टोबर १९५३

अक्कास नमस्कार. बाकी काही लिहीत न्हाई.

पत्र हातात पडताच ट्रक बंद ठेवायला लाव. करडीचं तेल इंजिनात बिलकुल चालत न्हाई. गाडीचा आख थंड असतो, इंजिन आतून जळतं. पहिले काही दिवस लोण्यासारखं वाटेल, मंग तेच तेल डिंकासारखं चिकटून सगळं जाम होईल. ओझं घालून लांब नेला तर पिस्टन धरतील, बेअरिंग जातील, आणि मंग मलाही तो उघडता येणार न्हाई. आत्ताच ते तेल काढा, आतून रॉकेलानं धुवा, माठातलं माझं तेल भरा. अजून वाचेल. दाजींना सांग. शिव्या देतील, खा. पण सांग.

मी स्वतः यायला निघालो होतो, मोटारस्टँडापर्यंत गेल्तोही. पण दारात पाय ठेवू नको म्हणलेलं आठवलं आणि परत फिरलो. ते माझ्यानं गिळवलं न्हाई.

भुजंग

•

॥ श्री ॥

वडीगोद्री,
आश्विन वद्य ८, शके १८७५

चि. भुजंगास आशीर्वाद. कोणत्या तोंडानं देऊ, पण देते.

तुझं पत्र रविवारी पोचलं. ट्रक सोमवारी निघायचा होता. ह्यांना वाढताना ओठांवर आलं आणि माघारी गेलं. एक खेप होऊ दे, आल्यावर बघू, असं मनाला समजावलं. अंबडच्या अलीकडं ट्रक मोठ्यानं किंचाळला आणि जागीच मेला. कापसाचे बोजे बैलगाड्यांत घालून परत आणले, ते सगळ्या गावानं पाह्यलं.

अंबडचा मिस्त्री म्हणाला की आत तेलाचा डिंक झालाय, डब्यात भलतंच तेल होतं. डबा तुझा. ह्यांनी तुझंच नाव घेतलं. वाटा मिळाला न्हाई म्हणून जाताना डाव साधला, म्हणाले. जालन्याला तुझ्या शेठलाही सांगणार आहेत, पोलिसांत जायचीही भाषा करून राह्यले. सासूबाई गप्प आहेत. मीही गप्प आहे.

भुजंगा, तू स्वतः का न्हाई आलास? मला या घरात तोंड न्हाई हे चुलीपाशी तू डोळ्यांनी पाह्यलं होतंस. तरी माझ्याच जिवावर कागद धाडलास!

आता एक मागते. चूक तू तुझ्या अंगावर घे, तसं ह्यांना लिही. खोडी न्हाई, चूक. मंग पोलिसांचं निवळेल आणि कुणी पुढं खोदणार न्हाई. मी केलं हे कळलं तर हे मला घराबाहेर काढतील, आणि मला जायला माहेर उरलं न्हाई. तू पुरुष आहेस, तुला दुसरं गॅरेज मिळेल. लाज वाटती लिहायला, तरी लिहिते. भाऊबीजेला ये, तुला ओवाळायचं आहे.

टाकू नको रे मला.
अक्का

•

जालना, ३ नोव्हेंबर १९५३

ती. अक्कास नमस्कार.

यायला पाहिजे होतं, हे तुझं बराबर आहे. मोटार समोर उभी होती आणि मी माझा मान धरून बसलो. ते माझं मी भोगीन.

पण तू काय मागून राह्यलीस, ते एकदा ऐक. मला जमीन न्हाई, घर न्हाई. भुजंग मिस्त्रीनं हात लावला की गाडी चालती, एवढंच माझं होतं. नंदा म्हणाली, ते देऊ नका. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ती मला आडवी आली. दोन दिवस तिचं ऐकलं. मंग तू दाराबाहेर गाठोडं घेऊन उभी असलेली डोळ्यांपुढं आलीस आणि लिहायला बसलो.

दाजींचं पत्र सोबत आहे. शेठला मी आजच सांगितलं. ते म्हणाले, असल्या हाताला माझ्या गाड्या देणार न्हाई. दिवाळी झाली की आम्ही नंदाच्या माहेरी घनसावंगीला जातो. तिथं उसात गड्याचं काम आहे.

भाऊबीजेचं ताट मांडू नको. या वर्षी न्हाई, पुढंही न्हाई. मला पत्रही टाकू नको. तुझ्यावर राग धरून तुझा चेहरा बघणं माझ्यानं होणार न्हाई.

भुजंग

•

जालना, ३ नोव्हेंबर १९५३

रा. रा. धर्मराज पाटील दाजी यांना भुजंगाचा साष्टांग नमस्कार. आपल्या घरी सर्व क्षेम असावं.

ट्रकचं ऐकलं. डब्यात भलतं तेल भरून ठेवलं ते मीच. खोडी म्हणून न्हाई, मला कळत न्हाई म्हणून. लढाईत मी ट्रक धुवायच्या कामावर होतो. मिस्त्री होतो ही बढाई. आपण माझ्यावर भरवसा ठेवला आणि मी आपलं नुकसान केलं, माफी असावी. चारचौघांत हे पत्र वाचून दाखवलंत तरी माझी हरकत न्हाई.

अक्काला यातलं काही माहीत न्हाई. तिला बोलू नये. ती तुमच्या घरची आहे.

आपली कृपा राहावी.
आपला मेव्हणा,
भुजंग