आमच्या वॉर्डात कुणी आजारी पडत नाही

३ फेब्रुवारी, सोमवार

मेट्रनबाईंनी अर्ज परत केला! तिसऱ्यांदा. या वेळी तर उघडूनही बघितला नाही, नुसता टेबलावरून माझ्याकडे सरकवला. म्हणाल्या, "तुमच्या वॉर्डात वर्षभरात एक सिक नाही, एक ड्यूटी रिकामी नाही. दोघींत भागतंय की! तिसरी नर्स कशाला?"

भागतंय म्हणे! चौतीस बायका आणि सकाळी दोन नर्सेस. मी इन्चार्ज, ती वेगळी, कागदांत गाडलेली. आणि सिक, आजारपणाची रजा, दिसेल कशी? गेल्याच आठवड्यात आमची धाकटी नर्स जुलाबांनी आडवी होती. तिची सकाळ दुसरीनं केली, बरी झाल्यावर हिनं तिची दुपार फेडली. मस्टरवर दोघी हजर. आमच्याकडे वर्षानुवर्षं हेच चालतं. आजारी पडलं की सिक टाकायची नाही, आपसांत ड्यूटी बदलायची. मीही एकोणीस वर्षं तेच केलं, वर त्याचा तोरा मिरवला. आपलं दुखणं आपणच झाकायचं आणि मग माणूस मागायला जायचं!

ठरलं. या महिन्यात जी आजारी ती आजारी. मस्टरवर लाल शाईनं. २८ तारखेला सगळ्या इन्चार्जची बैठक आहे. मस्टर तिथे घेऊन जाणार.

४ फेब्रुवारी

सकाळची ड्यूटी दुपारच्या हातात देताना सगळ्या होत्या, तेव्हाच सांगून टाकलं. अदलाबदल बंद. बरं नसेल तर पहाटे साडेपाचला मला फोन करायचा आणि घरी झोपायचं.

पहिली बोलली ती पहिलवान. (एकटीच्या जोरावर पेशंट स्ट्रेचरवर घेते म्हणून पहिलवान. खरं नाव फक्त मस्टरवर.) "बावीस वर्षांत माझ्या नावापुढे सिक नाही. आता तुझ्या हौसेखातर लावून घेऊ?" आणि वर — "एक घरी झोपली की तिचं काम कोण करणार? मस्टर?"

सगळ्या खो खो हसल्या. मलाही हसू येत होतं, दाबलं.

ती माझ्याहून तीन वर्षांनी सीनियर आहे. इन्चार्ज मी झाले ते तो जास्तीचा कोर्स केला म्हणून. तिला ते लागलंय. मला नसतं का लागलं?

७ फेब्रुवारी

एकही फोन नाही. दुपारची एक शिंकून शिंकून बेजार, विचारलं तर म्हणे, "धूळ हो, सिस्टर!" लादी दोनदा पुसलेली. आजवर आजारपणाचं सोंग घेणारे पुष्कळ पाहिले. इथे सगळ्या धडधाकट असल्याचं सोंग घेऊन फिरतायत!

१० फेब्रुवारी, सोमवार

पहिला फोन! धाकटी. पाच वाजून एकोणतीस मिनिटांनी. आवाज असा काढला होता की आता काही खरं नाही — अंगात खरा ताप असताना वर आणखी तापाचा आवाज! मग स्वतःचीच पेशंटसारखी माहिती दिली. "ताप एकशे दोन, नाडी एकशे दहा, उलटी दोनदा, लघवी व्यवस्थित." मी म्हटलं, "पोरी, झोप."

"येऊ का पण, सिस्टर? दहापर्यंत उतरेल गोळीनं."

"खबरदार आलीस तर!"

ऑफिसकडे बदली माणूस मागितला. नाही. मग मीच कागद बाजूला ठेवले आणि पहिलवानबरोबर उभी राहिले. दुपारी तीनपर्यंत पाय सुजले. पण मस्टरवर लाल शाईनं पहिली सिक लागली. फार बरं वाटलं.

१२ फेब्रुवारी

पहिलवान खोकत आली. डोळे लाल. चादरींच्या खोलीत नेऊन तोंडात थर्मामीटर घातला, तर एकशे एक! म्हटलं, घरी जा.

"तू मला वॉर्डातून घालवतेस?"

"ताप घालवतोय. मी नाही."

पर्स उचलली आणि गेली. दार असं आपटलं की सात नंबरची आजी दचकून उठली. बारा नंबरला शिवणकाम करणाऱ्या बाई आहेत, त्यांना सगळ्यांच्या चौकशा. "मोठ्या सिस्टर कुठे गेल्या?" म्हटलं, आजारी आहेत. "अगंबाई! त्यापण पडतात?"

१४ फेब्रुवारी

पहिलवान आली. बरी आहे. माझ्याशी बोलत नाही. मी दोन हातांवर उभी असते आणि ती धाकटीला सांगते, "इन्चार्जबाईंना विचार, सलाईनचा स्टॅन्ड कुठाय." धाकटी बिचारी माझ्याकडे वळून तेच विचारते. मी धाकटीला सांगते. चाललंय असं.

१७ फेब्रुवारी

चार सिक झाल्या. मेट्रनबाईंचा फोन — "तुमच्या वॉर्डाला झालंय काय? साथ आलीय का?" म्हटलं, "साथ नाही, बाई. मस्टर खरं झालंय." म्हणाल्या, "पूर्वीच्या इन्चार्जना जमत होतं."

दुपारी धाकटीच्या हातात ऑफिसचं पत्र. एका दिवसाच्या सिकसाठी डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा! पोरगी भांड्यांच्या खोलीत जाऊन रडली. "तुम्ही सांगितलंत म्हणून टाकली, सिस्टर." हे मात्र लागलं. खरंच लागलं. तिथेच बसून उत्तर लिहिलं, माझ्या सहीनं, की घरी राहायला मी सांगितलं, काय विचारायचं ते मला विचारा. मागे हटायचं नाही. आता हटले तर उद्यापासून या पोरी तोंडातून ब्र काढणार नाहीत.

१९ फेब्रुवारी

अंग मोडून आलंय. घसा. बोलून बोलून असेल.

नवऱ्यानं कपाळाला हात लावला. "तापलीयस." म्हटलं, गॅसजवळ उभी होते. तो थर्मामीटर घेऊन आला, मी पुन्हा खणात टाकला. मोजला की लिहावा लागेल. आधीच आज दोघी सिकवर. त्यात माझ्याच नावापुढे लाल लागलं तर मेट्रनबाईंना आयतंच मिळेल. बैठकीला नऊ दिवस राहिलेत, तेवढे काढायचे.

मला ताप नाही. मोजलेला नाही.

२० फेब्रुवारी

ताप नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

क्रमानं लिहिते.

सकाळी धाकटीची सिक. मी आणि पहिलवान. नाश्त्याआधीची इन्सुलिनची इंजेक्शनं माझ्याकडे. बावीस नंबरचं भरलं, दहा युनिट. कार्डावर बावीस वाचलं, तोंडानं बावीस म्हटलं, आणि बारा नंबरच्या दंडात दिलं. नाव विचारलं नाही. पहिल्या वर्षाच्या मुलींना पहिल्या दिवशी शिकवते मी — आधी नाव विचारायचं, मग सुई. मी नाही विचारलं. डोकं तापानं भणभणत होतं. ताप होता. हो, होता.

शिवणकामवाल्या बाई म्हणाल्यासुद्धा, "आज नवीन इंजेक्शन?" मी "हं" म्हटलं आणि पुढे गेले.

पाऊण तासानं पहिलवान ओरडली. बाई घामानं चिंब, हात थडथड उडतायत, शब्द अडखळतायत. साखर अठ्ठेचाळीस! त्यांना मधुमेह नाहीच. ट्रेमधली बावीस नंबरची सिरिंज रिकामी; मी बघितली, पहिलवाननंही बघितली. पहिलवाननं डॉक्टरना हाक मारत शीर धरली, ग्लुकोज सोडलं. बाई शुद्धीवर होत्या, माझा हात घट्ट धरून होत्या. माझा! वीस मिनिटांनी नीट बोलायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, "सकाळपासून काही खाल्लं नसेल." कार्डावर तेच खरडलं आणि पुढच्या वॉर्डात गेले. दर तासाला साखर बघा म्हणाले, ती बघत राहिलो. बावीस नंबरचं इंजेक्शन पहिलवाननं दिलं.

मग ती मला चादरींच्या खोलीत घेऊन गेली. नऊ दिवसांनी पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलली. "डॉक्टरांनीच ठरवलंय. खाल्लं नव्हतं. राहू दे." कपाळाला हात लावला, झटकन मागे घेतला. "भाजतेयस तू! बैठक आठवड्यावर. तुझं मस्टर, तुझी तिसरी नर्स — सगळं पाण्यात जाईल. कुणी पाहिलेलं नाही. मी बोलणार नाही."

प्रेमानं म्हणाली. तिच्यात वाईट हेतू नव्हता, हे मला माहीत आहे. आम्ही एकमेकींसाठी हेच तर करत आलोय. आणि मी — मी "नाही" म्हटलं नाही. मान हलवली आणि घरी आले.

घरी आल्यावर मोजला. एकशे दोन पॉइंट चार.

२२ फेब्रुवारी

सिक टाकली. पण अकरा वाजता अर्ध्या तासासाठी गेले, युनिफॉर्मशिवाय.

आधी बारा नंबर. साखर स्थिर होती. खुर्ची ओढून बसले आणि सांगितलं, काल दुसऱ्या बाईंचं इंजेक्शन मी तुम्हाला दिलं. मला ताप होता, तरी मी कामावर आले. बाई उठून बसल्या. म्हणाल्या, "मला वाटलं मी आता मरतेय. मुलाला काय काय सांगायचं त्याची जुळवाजुळव चालली होती मनात." मग म्हणाल्या, "तुम्हाला घरी कुणी म्हटलं नाही, झोप म्हणून?" मला रडू आवरलं नाही. त्यांनी काही माझे डोळे पुसले नाहीत. राग आला होता त्यांना, आणि तो बरोबर होता.

मग डॉक्टर. मग चुकांची नोंद करायची वही. लिहिलं — औषध, युनिट, वेळ, माझं नाव. कारण : "नर्सला ताप होता. तीन दिवस. सिक टाकली नाही. पेशंटचं नाव विचारलं नाही."

पहिलवान दारात उभी होती. "वेडी आहेस," म्हणाली, आणि साक्षीदार म्हणून खाली सही केली.

२३ फेब्रुवारी

मेट्रनबाई घरी फोनवर. चौकशी बसणार. "इतरांना घरी बसवत होतात ना? मग स्वतः?" म्हटलं, "चुकले, बाई. पण बैठकीला येणार आहे."

२६ फेब्रुवारी

पहिलवान भेटायला आली. खुर्चीत बसली नाही, उभ्या उभ्याच एक घडी केलेला कागद दिला. गेल्या वर्षातल्या चौदा तारखा. पुढे : ताप. कंबर. ताप. घसा. कंबर. मुतखडा. चौदा दिवस आजारी! त्यातले नऊ तशीच कामावर, पाच दुसऱ्यांनी केलेले. त्या पाचांतले दोन मी केलेले, आणि मला पत्ता नाही की एकूण पाच होते.

"आठवलं तेवढं लिहिलंय. बैठकीत ने."

"सही?"

"केलीय की! उलटून बघ."

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

गेले. मस्टर, चुकांची वही आणि पहिलवानचा कागद, तिन्ही टेबलावर ठेवली. माझी चूक मीच वाचून दाखवली. आवाज दोनदा फाटला. मग म्हटलं, "आता ज्या वॉर्डात वर्षभर एकही सिक नाही, त्यांनी हात वर करा." सहा हात वर. "आणि आजारपणासाठी ड्यूटी बदलली जात नाही, अशांनी वर ठेवा." एकेक करून सहाही खाली आले. बच्चेकंपनीच्या वॉर्डातली इन्चार्ज तर टेबलाखाली बघत बसली.

शेवटी तिसऱ्या नर्सचा अर्ज हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांपुढे सरकवला. या वेळी परत आला नाही. ठेवून घेतला.

५ मार्च, बुधवार

दोन ऑर्डरी एकाच पाकिटात. पहिली — आमच्या वॉर्डाला उद्यापासून दुसरीकडून नवी इन्चार्ज. दुसरी — सकाळच्या ड्यूटीला तिसरी नर्स मंजूर! खाली नाव. माझं.

पहिलवानला फोन केला. ती हसेल असं वाटलं होतं. नाही हसली. म्हणाली, "चौतीसचे तीन भाग केलेत. बारा ते बावीस तुझे. सातला ये."