भोंगा वाजताच हजर होणाऱ्या शेजाऱ्याचे नाव निगराणी यादीतून कमी करणेबाबत

प्रति,
मा. पोलीस अधीक्षक साहेब,
जिल्हा पोलीस कार्यालय, चंद्रपूर.

अर्जदार : मन्सूर इस्माईल शेख, धंदा लेडीज टेलर, राहणार मौजा बेलझरी, माजरी रोड, ता. भद्रावती, जि. चंद्रपूर.

विषय : शेजाऱ्याच्या बंद घरातील भोंगा वाजल्यावर तेथे जाऊन पाहणे हा गुन्हा नसल्यास अर्जदाराचे व त्याच्या पत्नीचे नाव निगराणी यादीतून काढणेबाबत, आणि मुलीचे चारित्र्य प्रमाणपत्र न अडविणेबाबत.

संदर्भ : १) बेलझरी ठाण्याचे वेळोवेळीचे तोंडी आदेश.
२) अर्जदाराचे यापूर्वीचे अर्ज, ज्यांची पोच मिळाली.

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार हा बेलझरी येथे वडिलांच्या काळापासून शिवणकाम करून राहतो. त्याच्या घराला लागून श्री. गुणवंतराव यांचे घर आहे. दोन्ही घरांत भिंत एकच असून तिच्या एका बाजूस ठोकलेला खिळा दुसऱ्या बाजूस दिसतो. गुणवंतराव खाणीच्या कार्यालयातून निवृत्त झाले, पुढे त्यांच्या पत्नी वारल्या, आणि मुलाने त्यांना पुण्याला नेले. जाताना मुलाने बंद घरात एक यंत्र बसविले. खिडक्यांच्या चौकटींना पांढऱ्या डब्या चिकटविल्या, छपराखाली भोंगा लावला, आणि सगळ्याची तार टेलिफोनला जोडली. काच फुटली किंवा दार उघडले की भोंगा वाजतो व नागपुरास एका खाजगी सुरक्षा कंपनीच्या कार्यालयात आपोआप फोन जातो. तेथील बाई मग पोलीस ठाण्यास आणि जवळच्या माणसास कळवितात.

जवळचा माणूस म्हणून अर्जदाराचे नाव देण्यात आले. गुणवंतरावांनी चावी हातात ठेवीत म्हटले, "मन्सूरभाऊ, तुमी तं बाजूलेच आहा. फोन आला तं नुसतं पाहून येत जा. मले तेवढंच समाधान." अर्जदाराने चावी घेतली. घेताना कोणते कलम लागते हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

साहेबांना विदित आहेच की बेलझरीजवळ उघडी कोळसा खाण असून दुपारी तेथे सुरुंग लावतात. सुरुंग उडाला की मांडणीवरची भांडी किणकिणतात. गावातली माणसे बोलता बोलता थांबतात आणि आवाज विरला की राहिलेला शब्द पुरा करतात. यापलीकडे कोणी त्याची दखल घेत नाही. गुणवंतरावांच्या खिडकीवरील डबीने मात्र घेतली. गुणवंतराव पुण्याला गेले त्याच आठवड्यात सुरुंगासरशी भोंगा कोकलू लागला आणि अर्जदाराच्या घरातल्याच दुकानातला फोन वाजला. नागपूरहून साधना नावाच्या बाई बोलत होत्या. "सर, आपके पडोस में ग्लास ब्रेक का सिग्नल है. आप तुरंत जाके देखिए."

अर्जदाराने "मॅडम, तो खाणीतला सुरुंग होय," असे समजावून पाहिले. त्यांच्या यंत्रात सुरुंगाचे बटण नसल्याचे त्यांनी नम्रपणे सांगितले. तेव्हा गिऱ्हाईकाचे माप अर्धे टाकून, गळ्यात टेप तसाच ठेवून अर्जदार धावत गेला, कुलूप उघडले आणि आत काहीही झालेले नाही हे पाहिले. तेवढ्यात ठाण्यातून जमादार मनसारामभाऊ सायकलवर आले. दोघांनी मिळून खिडक्या पाहिल्या. मनसारामभाऊ परत गेले व त्यांनी नोंद केली की, "घटनास्थळी चोरी झालेली दिसून आली नाही. घरात एक इसम मिळून आला." ही नोंद खरी होती याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही.

त्यानंतर सुरुंग उडत राहिले. भोंगा वाजत राहिला. कधी छपरावर वानरे उतरली म्हणून वाजला, कधी गेलेली वीज परत आली म्हणून. प्रत्येक वेळी अर्जदार धावला आणि प्रत्येक वेळी ठाण्याच्या नोंदीत एक इसम मिळून आला. कंपनीचा मेकॅनिक नागपूरहून येऊन डबीला कान लावून गेला व म्हणाला, "यंत्र एकदम बरोबर आहे. खिडकीच खरोखर हलून राह्यली." अर्जदाराने गुणवंतरावांना फोन केला, तेव्हा ते म्हणाले, "मुलानं हौसेनं लावलं हो. काढा म्हटलं तं त्याले वाईट वाटन." त्यामुळे अर्जदार धावत राहिला.

अशा स्थितीत यंदा उन्हाळ्यात ठाण्यास नवीन ठाणेदार साहेब रुजू झाले. ते कर्तव्यदक्ष असून त्यांनी आल्याबरोबर जुन्या नोंदी वाचल्या. त्यांत त्यांना आढळले की, एकाच घरात पुन्हा पुन्हा चोरीचा इशारा होतो आणि दर वेळी एकच इसम, चावीसह, आत सापडतो. त्यांनी अर्जदारास बोलावून विचारले, "भोंगा वाजला की तूच काऊन असतो तिथी?"

"साहेब, मले फोन येते."

"आणि फोन तुलेच काऊन येते?"

"मी बाजूले राह्यतो म्हणून."

"म्हणजे बाजूले राहून सगळं पाहून ठेवलं आहे," असे म्हणून साहेबांनी अर्जदाराचे नाव निगराणी यादीत घेतले आणि दर सोमवारी हजेरीस येण्याचे फर्मावले. अर्जदार हजेरीच्या बाकावर बसू लागला. त्याच बाकावर तारचोर व कोळसाचोर बसत. त्यांनी अर्जदारास सरकून जागा दिली व "तुमचं कायचं हाय?" असे आपुलकीने विचारले.

एका सोमवारी अर्जदार त्या बाकावर बसलेला असतानाच सुरुंग उडाला व ठाण्यात नागपूरचा फोन आला. अर्जदारास फार आनंद झाला. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, पाहा! भोंगा वाजून राह्यला आणि मी तं इथी तुमच्या डोळ्यासमोर बसून आहो!" ठाणेदार साहेब म्हणाले, "म्हणजे साथीदार आहे तुझा." त्यांनी तातडीने जीप काढली. अर्जदार घरी नसल्याने फोन त्याची पत्नी साबिरा हिने घेतला होता आणि खिळ्याला टांगलेली चावी काढून ती पाहावयास गेली होती. साहेबांना साथीदार घरातच मिळून आला.

साबिराने सांगितले, "घंटी वाजली, फोन आला, मी आली. इथल्या बाईच्या हयातीत या घरात मी रोज येत होती. आज आली तं चोर झाली काय?" ठाणेदार साहेबांनी यातील "रोज येत होती" एवढेच लिहून घेतले. साबिराचे नाव यादीत आले.

अर्जदाराचा धंदा बायांच्या कपड्यांचा आहे. ज्याच्या दारात पोलिसांची जीप थांबते त्याच्याकडे माप द्यायला बाया येत नाहीत, आणि त्यात त्यांचे चुकत नाही. केसरबाई या जुन्या गिऱ्हाईक. त्या दारातूनच म्हणाल्या, "भाऊ, माझं पोलकं देऊन टाका. शिवलं नसन तरी चालते." अर्जदाराने कापलेले तुकडे घडी घालून दिले. सणाच्या दिवसांत त्याचे शिवणयंत्र झाकलेले राहिले.

तरीही हे सोसता आले असते. परंतु अर्जदाराची मुलगी रूही हिची यंदा परिचारिका प्रशिक्षणासाठी निवड झाली. शेख मोहल्ल्यातून या शिक्षणाला गेलेली ती पहिलीच मुलगी होय. तिने चारित्र्य प्रमाणपत्रासाठी ठाण्यात अर्ज केला. त्यावर शेरा आला की, "आई-वडील निगराणीखाली, सबब प्रमाणपत्र देता येत नाही." रूही घरी आली. रात्रीच्या भाकरी करून झाल्यावर तिने एवढेच म्हटले, "अब्बा, चावी वापस दे दो ना." अर्जदार त्या वेळी मुलीच्या तोंडाकडे पाहू शकला नाही, हे तो येथे नमूद करतो.

त्या दिवशी अर्जदाराने ठरविले की आता भोंगा वाजो की आभाळ कोसळो, जायचे नाही. साधनाबाईंचा फोन आला तेव्हा त्याने रिसीव्हर काढून बाजूला ठेवला आणि काजे करीत बसला. भोंगा थांबेना. एकाएकी ओळखीचा खोकला ऐकू आला. अर्जदार हातातली सुई टाकून बाहेर आला. गुणवंतराव स्वतः आले होते. दिवाळीला आपल्या घरी एक दिवा लागावा म्हणून न कळविता गाडीने आले, दार उघडले आणि भोंगा बंद करण्याचे आकडे विसरले. तेवढ्यात जीप घेऊन आलेल्या ठाणेदार साहेबांना घरात एक अनोळखी वृद्ध इसम पिशवीसह मिळून आला.

अर्जदार पुढे होऊन म्हणाला, "साहेब, हे घरमालक होत. मी यांना लहानपणापासून ओळखतो." यावर साहेब म्हणाले, "निगराणीतल्या माणसाची ओळख चालत नाई." जमादार मनसारामभाऊही त्यांना ओळखत होते, परंतु ते साहेबांच्या बुटांकडे पाहत राहिले. गुणवंतरावांना ठाण्यात नेऊन बाकावर बसविण्यात आले. अर्जदारही त्यांच्याशेजारी जाऊन बसला. त्याला त्या दिवशी कोणी बोलाविले नव्हते.

शेवटी नागपुरास फोन लावण्यात आला. साधनाबाई म्हणाल्या की, घरमालकाने यंत्र बसविताना एक खुणेचा शब्द दिला आहे, तो त्यांनी सांगावा. गुणवंतरावांनी रिसीव्हर कानाला लावला. तो शब्द म्हणजे त्यांच्या पत्नीचे नाव होते. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी ते चारचौघांत उच्चारले नव्हते. "अवो", "ऐकलं काय" यावरच सगळा संसार झाला होता. ठाण्यातले सगळे पाहत होते. गुणवंतरावांचे ओठ दोन वेळा हलले. मग ते म्हणाले, "देवका." आणि रिसीव्हर हातात तसाच धरून रडू लागले. पलीकडून आवाज आला, "ओके सर, थँक यू."

अशा प्रकारे ज्या बाईंनी त्यांना कधी पाहिले नाही त्यांच्या सांगण्यावरून गुणवंतराव हे गुणवंतराव असल्याचे सिद्ध झाले. घरी येऊन त्यांनी स्टुलावर चढून भोंगा स्वतःच्या हाताने उपटला, डब्या काढल्या आणि म्हणाले, "मन्सूरभाऊ, माह्या घराची राखण करता करता तुमचंच घर उघडं पडलं नं. मुलाले काय वाटाचं ते वाटो." साबिराने त्यांना शेवया खाऊ घातल्या.

भोंगा गेल्यावर अर्जदाराने नाव कमी करण्याचा अर्ज ठाण्यात दिला. त्यावर ठाणेदार साहेबांनी समजाविले की, निगराणी सुरू झाल्यापासून सदर घरातील घटना कमी होत होत आता पूर्ण थांबल्या आहेत, म्हणजे निगराणीचा उपयोग झाला आहे. उपयोग होत असलेली निगराणी बंद कशी करता येईल? अर्जदाराने भोंगा काढल्याचे निदर्शनास आणले. साहेब म्हणाले, "भोंग्याची नोंद आमच्याकडं नाई. इसमाची आहे."

आणखी एक बाब सांगितल्याशिवाय हा अर्ज पुरा होत नाही. मागील आठवड्यात ठाणेदार साहेब रजेवर गावी गेले. जाण्यापूर्वी सकाळी ते साध्या कपड्यात अर्जदाराच्या दुकानी आले, इकडे तिकडे पाहिले आणि आपल्या सरकारी क्वार्टरची चावी कापडाच्या गठ्ठ्यावर ठेवली. म्हणाले, "मन्सूर, जरा लक्ष ठेवशीन. बायकोनं तुळस लावली आहे, तिले पाणी टाकत जाशीन. या गावात बंद घराकडं तुझ्यासारखं कोणी पाहत नाई." अर्जदाराने प्रमाणपत्राचे विचारले. त्यावर ते म्हणाले, "ते कागदाचं आहे. ते वेगळं."

अर्जदाराने चावी ठेवून घेतली. तुळशीला पाणी रोज साबिरा घालते.

तरी साहेबांस विनंती की, ठाणेदार साहेब परत येण्यापूर्वी अर्जदार व त्याची पत्नी यांची नावे यादीतून काढण्याचा आदेश व्हावा. ते शक्य नसल्यास, निगराणीखालील इसमाकडे ठाणेदारांच्या घराची चावी आहे ही गोष्ट कोणत्या रकान्यात लिहावी याचे मार्गदर्शन व्हावे. प्रशिक्षण केंद्राच्या मुख्य बाईंनी प्रमाणपत्र येईपर्यंत रूहीला वर्गात बसू दिले आहे, पण पांढरा गणवेश दिलेला नाही. तो अर्जदाराने घरी शिवून ठेवला आहे. सध्या ती साध्या कपड्यात मागच्या बाकावर बसते. तिला पुढे बसता यावे, एवढेच मागणे आहे.

कळावे, उत्तराची वाट पाहत,

आपल्या जिल्ह्यातील रहिवासी,
(सही)
मन्सूर इस्माईल शेख
बेलझरी, दि. १८ डिसेंबर २००६

सोबत : १) श्री. गुणवंतराव यांचे अर्जदाराच्या वर्तणुकीबद्दलचे पत्र.
२) रूहीचे निवडपत्र, सत्यप्रत.
३) चावी जोडलेली नाही. तुळशीला पाणी घालावयाचे असल्याने ती अर्जदाराकडेच आहे.