परळीतले क्वांटम डॉट

२ ऑक्टोबर १९९७
आजपासून बंद: तंबाखू, दुपारची झोप, स्टाफरूममधलं राजकारण. चालू: संशोधन. पीएच.डी.चं सहावं वर्ष. औरंगाबादच्या गाईडनी निर्वाणीचं सांगितलंय, दिवाळीपर्यंत काचेवर क्वांटम डॉट दाखवा, नाहीतर रजिस्ट्रेशन रद्द. डॉट म्हणजे डोळ्याला न दिसणारा बारीक ठिपका, असं बायकोला समजावलं. शिवांजली म्हणाली, दिसतच न्हाई तर दाखवणार काय? कॉमर्सवाल्यांना फिजिक्स कळत नाही.

६ ऑक्टोबर
लॅबच्या मागची खोली क्लीन रूम केली. धुळीचा कणही आत येता कामा नये. खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी, दारावर पाटी: चपला बाहेर. शिपाई धोंडीराम खुश. देवळासारखं वाटायलंय सर, म्हणाला. संध्याकाळी माझीच चप्पल गेली.
तंबाखू उद्यापासून नक्की बंद.

१० ऑक्टोबर, खंडेनवमी
अप्पा दुकानातला तराजू पुजून थेट कॉलेजात. म्हणाले, पूजा न्हाई तर मशीन चालंल कशी? वडिलांपुढे काय बोलणार. काचेच्या मोठ्या हंडीतली हवा काढून टाकायची, आत काचपट्टीवर धातूची वाफ बसवायची, असं आमचं मशीन. अप्पांनी हंडीवर भस्माचे तीन पट्टे ओढले, चिमूटभर आतही टाकलं. मी विरोध करणार होतो. पण भस्म म्हणजे धूळ नव्हे, एवढं मलाही कळतं.
लगेच नमुना काढला. मुहूर्त चांगला होता.

१५ ऑक्टोबर
नमुना घेऊन एसटीने औरंगाबाद. विद्यापीठाच्या मायक्रोस्कोपखाली ठिपकेच ठिपके. गोल, टपोरे. फोटोखाली कसलीशी मोजपट्टी छापलेली असते, ती कारकुनी बाब. गाईड गावी गेलेले. नमुना आणि फोटोची प्रत त्यांच्या टेबलावर ठेवली. येताना बसमध्ये शेजाऱ्याला नोबेलची सगळी पद्धत समजावून सांगितली. बीडला त्यानं जागा बदलली.

२० ऑक्टोबर
समाजातर्फे सत्कार. अप्पांनीच ठरवला. पत्रिकेत 'डॉ.' छापून आलंय. दिवाळीत व्हायचंच आहे, उगाच कशाला खोडायचं. फोटो मोठा करून फ्रेमही केली, स्टेजवर लावायला. शिवांजलीनं विचारलं, गाईड काय म्हणाले? संशयी स्वभाव.

२५ ऑक्टोबर, दुपारी
प्राचार्यांच्या केबिनमध्ये गाईडचा फोन. हे डॉट नाहीत, डोंगर आहेत, म्हणाले. मोजपट्टी पाहिली नाहीत का? नमुना तपासला, नुसती राख निघाली. रजिस्ट्रेशन रद्द.
प्राचार्य समोर बसून पेपर वाचत होते. एकही पान उलटलं नाही.
सत्कार आज संध्याकाळीच आहे.

२६ ऑक्टोबर
सत्कार झाला. शाल घेताना रडू आवरेना. लोकांना आनंदाश्रू वाटले, टाळ्या वाढल्या. घरी येताच अप्पांना सांगून टाकलं: सहा वर्षं वाया गेली, मी आता डॉक्टर होणार नाही, आणि फोटोत आहे ते तुमचं भस्म. एवढं वाईट मला कधी वाटलं नव्हतं, तेही सांगितलं.
अप्पा फोटोकडे बघत बसले. मग म्हणाले, आरं, हे तर लईच चांगलं झालं की.
आज सकाळी फ्रेम देवघरात. आंघोळ करून पाया पड, म्हणाले.
पडलो.