रिकामी गाडी, भरलेली गाडी

प्रिय ताई,

हे गॅरेजमागे गाडीत पाणी भरताहेत, तेवढ्यात लिहून घेते. या साडेसहा मीटरच्या घरात मी पेन उचललं, की लगेच विचारतात, कुणाला लिहितेस? चार पावलांवर पलंग, चार पावलं परत आलं की स्टिअरिंग. निवृत्त झाल्यावर घर विकू, मोटरहोम घेऊ, जग बघू, हे यांचं स्वप्न. सही मीही केली. जन्मभर सभांमधून बायकांना बजावत आले, की वाचल्याशिवाय सही करू नका. मी तर वाचून केली.

गाडी माझ्या बाजूला ओढते. सरळ रस्त्यावरही यांना स्टिअरिंग घट्ट धरून ठेवावं लागतं. शेजारून ट्रक गेला की अख्खं घर डुलतं, कपाटातल्या बशा बडबडायला लागतात. तीन गावांत तीनदा व्हील अलाइनमेंट करून चाकं जुळवून घेतली. मेकॅनिक चालवून दाखवतो तेव्हा अगदी सरळ जाते, आम्ही निघालो की पुन्हा तेच. खापर माझ्या पुस्तकांवर. अकरा महिन्यांत निम्मी पुस्तकं मी वाटेतल्या वाचनालयांना देऊन टाकली, तरी गाडी ओढतेच. हजार माणसांपुढे तुझी ही तोफ कधी गप्प बसली नाही, ताई. इथे बसते. भांडून उठून जायचं तर दाराबाहेर हायवे.

इथली मेकॅनिक मुलगी जेमतेम तिशीची. चाकांकडे बघायच्या आधी तिने आत डोकावलं आणि म्हणाली, काका, यात राहतं कोण? कारण आत काहीच नव्हतं. परक्या माणसाला आपला पसारा दिसू नये म्हणून गॅरेजला जायच्या आधी आम्ही भांडी, अंथरुणं, पुस्तकं सगळं उतरवतो, पाण्याची टाकीसुद्धा रिकामी करतो. तीनही वेळा तेच केलं होतं. ती हसत सुटली. रिकाम्या गाडीचं माप घेतलंत, मग भरलेली सरळ कशी चालेल? आणि काका, टाकी काकूंच्या सीटखाली आहे, पुस्तकांना कशाला बोल लावता?

यांचे कान लाल झाले. मग म्हणाले, उगाच दिलीस पुस्तकं. बस, एवढंच.

उद्या दहा वाजता ती एकेक चाक वजनकाट्यावर घेणार आहे. तिने सांगितलंय, टाकी भरा, सामान लावा, आपापल्या जागी बसा. पण जे पुढे खरंच सोबत राहणार, तेवढंच ठेवा. ते ऐकलं आणि माझं ठरलं. उरलेली पुस्तकं मी परत चढवली नाहीत, चार खोकी तिच्या ऑफिसात आहेत. यांना आज जेवताना सांगेन. रागावतील, पण त्यांना जग मनापासून बघायचंय, तेव्हा एकट्याच्या वजनावर तरी गाडी नीट जुळू दे. या पत्राचा फोटो आजच पाठवते, तुझी जिन्याखालची खोली झाडून ठेव. उद्या दहाला मी त्या सीटवर नसेन, नऊच्या बसमध्ये असेन.

तुझीच,
तोफ