अर्धा श्री

१० नोव्हेंबर, सोमवार

आजपासून मी विद्यार्थिनी. सेहेचाळिसाव्या वर्षी. निरंजनने सकाळी स्कूटरवरून पुरानी बस्तीतल्या शाळेच्या फाटकापाशी सोडलं आणि विचारलं, डबा घेतला का, रडणार तर नाही ना. नवऱ्याला चेष्टेला एवढं निमित्त पुरे असतं. त्याची बदली इथे भनपुरीच्या ट्रान्सपोर्ट कंपनीत झाली म्हणून दिवाळीआधी आम्ही वर्ध्याहून रायपूरला आलो. गौतम पुण्यात शिकतो आणि फोनवर सांगतो की आई, आता माझी बॅग मी भरतो. घरात माझ्या हातांना काम उरलं नाही, म्हणून सहायक शिक्षिकेच्या कोर्सला नाव घातलं. सकाळी शाळेत प्रत्यक्ष काम, दुपारी आमचा वर्ग. वसंत पंचमीपर्यंत हे काम नीट झालं की प्रमाणपत्र.

शाळा मराठी माणसांनीच कधीकाळी काढलेली, लहानशी, एका गल्लीत. बाजूच्या देवळातली घंटा वर्गात ऐकू येते. मुख्याध्यापिका वनमालाताई साठीच्या आहेत, पण जिने माझ्याआधी चढतात. म्हणाल्या, "वर्धेच्या का तुमी? मंग त आपल्याच झाल्या." आमची प्रशिक्षक अनुश्री माझ्या भाचीच्या वयाची. मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते, आणि दोघींना सगळं कळतं. रोज डायरी लिहायची असं तिचंच फर्मान आहे. लग्नानंतर वाण्याच्या यादीपलीकडे काही लिहिलं नव्हतं, म्हणून मजा येते आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

माझ्याकडे एकच मूल सोपवलंय. स्वरदा, पहिलीतली. पोट्टी बोलण्यात अशी की वकिलाने ऐकत राहावं. पाढे पाठ, गाणी पाठ. फक्त लिहीत नाही. उजव्या हाताची मूठ बाकावर तशीच पडलेली असते. डबासुद्धा डाव्या हाताने खाते. डॉक्टरांना हातात काही सापडलं नाही. तिच्या वडिलांनी ठरवून टाकलंय की वसंत पंचमीपर्यंत स्वतःचं नाव स्वतः लिहिलं नाही, तर भिलाईच्या निवासी शाळेत घालायचं. सहा वर्षांचं लेकरू. तिची आई फाटकात माझे हात धरून म्हणाली की दीदी, तुम्हीच बघा आता. मी हो म्हणून बसले.

तिच्या बाकाशेजारी एक बुटकी लाकडी खुर्ची आहे, सहायक बाईंची. बसलं की गुडघे हनुवटीला लागतात. वर्गातली मुलं त्या खुर्चीला वळसा घालून जातात, वाट सरळ असली तरी.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

अनुश्रीने आज आमच्या कामाचं मर्म सांगितलं. आधी मुलाच्या हातावर आपला हात ठेवायचा. मग फक्त मनगट धरायचं. मग कोपर. मग खांद्यावर नुसता स्पर्श. मग तोही नाही. हात असा वरवर सरकत जातो आणि एक दिवस उचलला जातो. चांगली सहायक तीच, जिची शेवटी गरज उरत नाही. मी विचारलं, मग पगार कशाचा घ्यायचा. ती हसली, पण वहीत लिहून गेली की क्षमाजी हात लवकर सोडत नाहीत. खरंच आहे ते. गौतमला मी चौथीपर्यंत भरवत होते.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज पहिल्यांदा स्वरदाच्या हातावर हात ठेवला. गार होता. थंडी पडली आहे, असेल. मुठीत पेन्सिल दिली आणि वाटलं की हिचं नाव गिरवून घ्यावं. पण तिचाच हात निघाला, ठाम, सरावाचा, वळणदार. कागदावर श्री उमटला, वरची वेलांटी सोडून. तिथे हात थांबला. मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. अनुश्रीही खूश झाली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आठवडाभर तेच. नाव नाही, क नाही, रेघ नाही. फक्त तो श्री, आणि तोही अर्धाच. वेलांटीशी आलं की हात दगडासारखा जड. आज तिला विचारलं, बाळा, पुढे का नाही जात. ती सहज म्हणाली की दूसरीवाली बाई पकड़ के रखी है. मी विचारलं, कुठे आहे ती. तिने माझ्या खुर्चीकडे बघितलं. मी खुर्चीत बसलेली होते.

मुलं काहीही बोलतात. तरी उठले आणि उरलेला तास उभी राहिले.

१ डिसेंबर, सोमवार

वनमालाताईंना विचारलं की माझ्याआधी इथे कोण होतं. म्हणाल्या, "होत्या एक कुसुमताई. गेल्या बिचाऱ्या. तुमी काहून विचारून राहिल्या?" आणि चहा मागवला. चहा येईपर्यंत त्या गोल बाजारातल्या भांड्यांच्या भावावर बोलत होत्या. मी चहा पिऊन वर्गावर गेले.

८ डिसेंबर, सोमवार

मधल्या सुट्टीत फळा पुसत होते. खांद्यावर कुणी हात ठेवला. हलकाच, शाबासकी देतात तसा. वाटलं अनुश्री. वळले तर वर्ग रिकामा होता, स्वरदा तेवढी बाकावर. ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या खांद्याकडे बघत होती.

निरंजनला सांगितलं. तो म्हणाला, नव्या कामाचं दडपण. मीही हव म्हटलं. होकाराचा हा इथला हव आता माझ्या तोंडात बसायला लागलाय.

१६ डिसेंबर, मंगळवार

आज कोपर. स्वरदाचा हात धरला होता आणि माझं कोपर खालून कुणी उचलून धरलं. आम्हाला शिकवलंय अगदी तसंच. बोटं मोजता आली असती. मी हात मागे घेतला नाही, कारण स्वरदा घाबरली असती. ती मात्र घाबरत नाहीच. तिला सवय आहे, हे माझ्या लक्षात आलं आणि मग मीच घाबरले.

५ जानेवारी, सोमवार

सुट्टी संपली. परवा छेरछेरा हा इथला सण झाला, मुलांनी दारोदार फिरून धान मागितलं. या शाळेची रीत अशी की त्या धानाचा तांदूळ काढून ठेवतात आणि वसंत पंचमीला ताटात पसरून लहान मुलांकडून त्यावर पहिलं अक्षर काढून घेतात. पोती बघितली आणि वनमालाताई पायरीवरच बसल्या. मी काही विचारलं नव्हतं. त्याच बोलायला लागल्या.

कुसुमताई आयुष्यभर इथे सहायकच राहिल्या. पण या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, प्रत्येक मुलाचा पहिला श्री त्यांच्या हाताखाली निघाला. त्यांचा एक नियम होता: अर्ध्या अक्षरावर हात सोडायचा नाही. अक्षर पुरं करायचं, 'आता तू लिही' म्हणायचं आणि मगच हात उचलायचा. मागच्या वसंत पंचमीला स्वरदाचा हात धरून श्री काढत होत्या, आणि वेलांटी राहिली असताना त्या खुर्चीतच गेल्या. बोटं सुटेनात. तिघांनी मिळून सोडवली. ते तांदूळ महादेव घाटावर नदीत सोडले आणि अपशकुन नको म्हणून ते अक्षर कुणी पुरं करून घेतलं नाही. "मलेच वाटलं का झाकून टाकावं," म्हणाल्या. "पोट्टीचा हात तवापासून तसाच हाय."

मी घरी येऊन दोनदा हात धुतले.

१२ जानेवारी, सोमवार

मनगट.

आधी खांदा, मग कोपर, आता मनगट. आम्हाला शिकवलेलं सगळं उलटं. हात जसा जायला हवा तसा येतो आहे.

कोर्स सोडावा असं निरंजन म्हणतो. प्रमाणपत्र गेलं खड्ड्यात. पण स्वरदाच्या आईने हॉस्टेलसाठी छोटी ट्रंक आणली आहे. स्वरदाने मला तिचा रंग सांगितला, निळा. आणि विचारलं की तिथेही बाई माझ्यासोबत येईल ना. तिला माझ्याबद्दल विचारायचं नव्हतं.

१९ जानेवारी, सोमवार

ठरवलं. शुक्रवारी ताटात तांदूळ घेऊन मी स्वरदाचा हात धरणार. ते अक्षर पुरं करणार. म्हाताऱ्या बाईचं काम अर्धं राहिलंय, एवढंच तर आहे. कुणीतरी पुरं करायला हवं होतं. वनमालाताईंना सांगितलं. त्या रडल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत.

२३ जानेवारी, शुक्रवार. वसंत पंचमी

झालं. स्वरदा सुटली.

आधी तेच लिहिते, कारण तेच खरं मोठं आहे. पिवळा फ्रॉक, ताटात तांदूळ, तिचे आई-वडील समोर. तिच्या हातावर माझा हात ठेवला आणि माझ्या हातावर तो तिसरा आला. गार, सुरकुतलेला, बोटात बोट घालून. मी ओरडले नाही. श्री काढला. वेलांटीशी हात जड झाला, तेव्हा मी सगळं बळ लावून ओढला. वेलांटी पुरी झाली. म्हटलं, आता तू लिही. स्वरदाने मूठ उघडली, बोटं हलवून बघितली आणि तांदळावर स्व-र-दा लिहिलं. वाकडंतिकडं. तिच्या वडिलांनी तोंड फिरवून डोळे पुसले. भिलाई रद्द.

टाळ्या वाजत होत्या. माझा हात ताटातून उचलला जात नव्हता.

२४ जानेवारी, शनिवार

हे डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षर वाईट आहे, माफ करावं.

उजवी मूठ वळलेली. पेन दिलं की श्री काढते. वेलांटी सोडून. कागद भरला. दुसरा भरला. पेन काढून घेतलं तर बोट टेबलावर तेच गिरवतं. डॉक्टर म्हणाले, शीर दबली आहे.

शीर नाही. मला माहीत आहे कोण दाबतं आहे.

२६ जानेवारी, सोमवार

वनमालाताई आल्या होत्या. माझ्या हातावर हात ठेवून अक्षर पुरं करून देते म्हणाल्या. मी हात पोटाशी धरला. त्यांना कळेना. मी सांगितलं — जो पुरं करून देतो, त्याच्यावर हात येतो. स्वरदावरून माझ्यावर आला. ती सोडत नाही. तिला पुरं करायचं असतं आणि पुरं झालं की पुढचं मूल. मुलं कधी संपतात का शाळेत.

त्या गेल्या. जाताना माझ्याकडे बघवेना त्यांना.

निरंजनलाही हात लावू देत नाही. तो रागावला, मग रडला. हे माझ्यापाशीच थांबू दे. हात न सोडण्याची माझी खोडच आहे, कामाला येईल.

२९ जानेवारी, गुरुवार

झोप नाही. झोपले की बोट चादरीवर —

तिचा राग येत नाही. तेवढं लिहून ठेवते. आयुष्यभर दुसऱ्यांची मुलं. मला कळतं ते.

पण स्वरदा नको. बाकी काही मागत नाही.

३० जानेवारी, शुक्रवार. दुपार

स्वरदाची आई आली. पेढे. गोल बाजारातून साड्या आणायच्या, तासभर हिला ठेवा म्हणाली. मी नाही म्हणेपर्यंत रिक्षात बसली होती. फोन उचलत नाही.

स्वरदाला आतल्या खोलीत बसवलं. चित्रं, खडू. सांगितलं, बाहेर यायचं नाही. हव म्हणाली. उजव्या हाताने सूर्य काढते आहे. दारातून बघितला. सुंदर सूर्य.

हात टेबलावर ठेवला. खाली कागद, बोटात पेन, नाहीतर लाकूड खरवडतो. गिरवू दे. मी जागी राहते. जागी राहायचं. डोळे — पाच मिनिटं नाही, मिटायचेच नाहीत —

कागदावर श्री.

पुरा. वेलांटीसकट.

स्वरदा शेजारी उभी आहे. म्हणते, बाई, तुम सो गई थी, मैंने पूरा करा दिया. म्हणते, मी म्हटलंसुद्धा, तुम्ही म्हणता तसं. आता तू लिही. माझ्याकडे बघून हसते आहे. शाबासकी हवी आहे तिला.

मी म्हटलं हो बाळा. हात उचल आता. उचल ना राजा.

ती बघते आहे उचलून. कागदावरून निघत नाही.

अक्षर नीट आलंय माझं. हे सगळं मी उजव्या हाताने लिहिते आहे. म्हणजे स्वरदाचा