तीन बशांतले भाऊबंद

चि. दीक्षा हिस,

महाडहून काशीरामकाकाचा सप्रेम जय भीम. पुण्याच्या थंडीत तुझा खोकला कसा आहे? इकडे आम्ही दोघं बरे आहोत (माझे गुडघे सोडून, ते वेगळं घर करून राहतात). तुझ्या बशाही जिवंत आहेत. हे आधीच लिहितो, पुढचं वाचताना धीर राहील. फोन केला नाही, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

वीर स्टेशनवर गाडी पकडायच्या घाईत तू सूक्ष्मदर्शक आणि संशोधनासाठी जमवलेल्या अमीबांच्या तीन बशा आमच्याकडे ठेवून गेलीस. एक पोलादपूरच्या नदीतला, एक बिरवाडीच्या शेतातला, एक आमच्याच मोरीतला (हे शेजारी कळता कामा नये, अशी काकूची ताकीद होती). तिघेही निरुपद्रवी, हे तू बजावलं होतंसच. तर मंगळवारी बशांना मुंग्या लागल्या. काकूने साबणाच्या फडक्याने झाकणं लख्ख पुसली आणि त्यांच्यावर तू शाईने लिहिलेली नावंही गेली. नेग्लेरिया कोण, व्हर्मअमीबा कोण, अकँथअमीबा कोण, काही कळेना.

मी जन्मभर मराठी शिकवलं. निनावी कविता वाचून कवी ओळखणाऱ्या माणसाला तीन अमीबे काय जड? डोळा लावला. एकाच्या अंगभर काटे, म्हणजे तो अकँथअमीबा (हे तू दाखवलं होतंस). उरलेले दोघे गुळगुळीत, बिनशंखाच्या गोगलगाईसारखे सरपटणारे, हुबेहूब एकसारखे. हे सख्खे भाऊ आणि काटेवाला परका, असं मी जाहीर केलं. काकू म्हणाली, "चालीवरनं नातं लागतं होय? तुमी आन समोरचे धोंडूभावजी पाठमोरे सारकेच दिसता. म्हनून ते काय आपल्या घरातले हायत?"

मी लक्ष दिलं नाही. पण दोघांतला नेग्लेरिया कोणता, हे ठरेना. अंदाजाने नाव घातलं आणि चुकलं, तर तुझं वर्षभराचं काम माझ्यामुळे पाण्यात. जेवण गोड लागेना. शेवटी आपल्या राजेंद्रच्या मुलाला, अश्वजितला बोलावलं. तो बिरवाडीला खोली घेऊन राहतो, तिथल्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. रविवारी आला, मोबाईलवर बराच वेळ काही वाचलं, दोन्ही गुळगुळीतांना वेगवेगळ्या काचेवर स्वच्छ पाण्याच्या थेंबात सोडलं आणि जेवून झोपला. आम्ही आळीपाळीने पहारा केला. दुपार कलताना काकू पुटपुटली, "गो बाय, याला शेपट्या फुटल्या." खरंच, त्याला दोन शेपट्या आल्या होत्या आणि तो भिरभिरत पोहत होता. दुसरा आपला सरपटतच राहिला.

शेपटीवाला तो नेग्लेरिया, नुसत्या पाण्यात त्यालाच अशा शेपट्या फुटतात, असं अश्वजितने सांगितलं. मग म्हणाला, "काका, तो लांबच्या कुळातला. उरलेला गुळगुळीत आणि काटेवाला, ते दोघं एका कुळाचे. आणि ते कूळ त्या शेपटीवाल्यापेक्षा आपल्याला, माणसांना, जवळचं. अळंब्यांनाही." म्हणजे अमीबा हे आडनाव नव्हेच, चालायची तऱ्हा. वेगवेगळ्या कुळांनी आपापली उचललेली. मी माझा निकाल मागे घेतला. काकूने मात्र नातं लगेच जोडलं. काटेवाला मोरीतला, हे तू सांगितलं होतंसच, त्यामुळे आमच्या मोरीत आमचे पाहुणे राहतात, हे आता ती स्वतःच आळीभर सांगते.

खोकल्याला हळद-दूध घे.

तुझा,
काशीरामकाका

ता. क. – नावं आता चिकटपट्टीवर लिहून बशांच्या बुडाला लावली आहेत.

आणखी एक – न्यायला येशील तेव्हा सूक्ष्मदर्शक आणि एखादी बशी इथे चुकून विसरून जा. काकूला लळा लागला आहे.

शेवटचं – वरचं काकूने वाचलं. म्हणाली, "सकाळी चा सोडून त्या नळीला डोळा लावून कोन बसतं, ते पन लिवा." लिहिलं.