फोटोखालची तारीख

ता. ४ मार्च

चि. मुंगीस मामाचे अ. आ., वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला दोन महिने लागले, रागावू नकोस. हात चालत नाही असं नाही, हात रिकामा नसतो. सगळा दिवस खाजवण्यात जातो. फोन करावा तर तुझा मामेभाऊ, आपला दादा, कान देऊन बसतो. म्हणून गुपचूप लिहितोय.

मुंगे, माझ्या अंगाला किडे लागलेत. मानेला, दंडाला, छातीवर. दिसत नाहीत, पण चावतात आणि लाल चट्टे उठतात. तुझी मामी गेल्यापासून तिची लोकरीची शाल पांघरून बसतो, तेवढाच आधार. तर हे मेले शालीतूनही चावतात. डॉक्टरांकडे अंगावरून वेचलेला पुरावा काडेपेटीत भरून नेला. त्यांनी पेटी उघडलीसुद्धा नाही. दादाला बाजूला घेऊन म्हणाले की काडेपेटी घेऊन येणारे असे म्हातारे नेहमीचेच, किडे अंगावर नसतात, डोक्यात असतात. आता दादा मला मनोरुग्णांच्या निवासात ठेवायचं म्हणतोय. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, केसाएवढी स्प्रिंग बोटांना कळायची. मला चावतंय की नाही, एवढं मला कळणार नाही?

तू त्या मोठ्या यंत्राखाली माश्यांच्या पायांचे फोटो काढतेस ना? ही पेटी बघ. मी चौथी शिकलेला, माझं कोण ऐकतो? तुझ्या फोटोचं ऐकतील.

अजून तरी डोकं ठिकाणावर असलेला,
तुझा मामा

ता. १३ मार्च

ती. स्व. मामांस सा. न. वि. वि.

पेटी पोचली. तुमचे कण आधी वाळवले, मग त्यांच्यावर सोन्याचा अगदी पातळ थर चढवला, त्याशिवाय इथल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात नीट दिसत नाही. फोटो सोबत आहे. ही पाखरांच्या अंगावरची कोळीकीड, टाचणीच्या डोक्याहून लहान. तुमच्या झरोक्यात कबुतराचं घरटं आहे ना, तिथून आली असेल. दादाला आणि डॉक्टरांना दाखवा. तुम्ही वेडे नाही, मामा.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
मुंगी

ता. २४ मार्च

चि. मुंगीस अ. आ.

तुझा फोटो आला त्या दिवशी मी पोटभर जेवलो. मामीच्या अंगावर उभ्या जन्मात गुंजभर सोनं चढवलं नाही, आणि माझ्या किड्याला सोनं! दादाही वरमला. त्याने घरटं काढून टाकलं, माणूस बोलावून औषध मारून घेतलं. घरट्यात दोन पिल्लं होती. मी तिकडे पाहिलं नाही.

पण खाज थांबली नाही. उलट वाढली. मग मी तुझा फोटो घेऊन बसलो, डोळ्याला भिंग लावलं आणि शत्रूचा एकेक पाय मोजला. फोटोखाली काळी पट्टी आहे, तिच्यात बारीक आकडे. शेवटी तारीख. एकोणीस फेब्रुवारी. मी पेटी टाकली चार मार्चला.

तारीख चुकली, असं मी मोठ्याने बोलून गेलो. दादा समोरच बसला होता. काय करू, चुकीची वेळ दिसली की आयुष्यभर गप्प बसता आलं नाही. त्याने फोटो हातात घेतला, पाहिला आणि खाली ठेवला. ओरडला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी निवासाचा अर्ज भरला.

माझ्यावर दया आली म्हणून केलंस, ते समजतो. लहानपणी तू आणलेल्या मेलेल्या मुंग्या झोपल्यात, असं मीच तुला सांगायचो. तेव्हा फिटंफाट. पण आता खरं लिही. माझ्या पेटीत काय होतं? काहीच नसेल तर तसं लिही, मी मुकाट्याने जाईन. पण माझं डोकं गेलंय हे मला तुझ्याकडून कळू दे, त्या डॉक्टरकडून नको.

तुझा मामा

ता. ३० मार्च

ती. स्व. मामांस सा. न. वि. वि.

माफी कोणत्या तोंडाने मागू? तुमच्या पेटीतले अठरा कण मी पाहिले होते. नुसते धागे आणि कातडीचा कोंडा. काही सापडलं नाही, हे लिहायला हात धजेना, म्हणून आधीचा एक फोटो पाठवला. ती पिल्लं माझ्यामुळे गेली.

तुमचं पत्र आल्यावर तेच कण पुन्हा यंत्रात घातले. पहिल्या वेळी मी पाय असलेला किडा शोधत होते आणि धागे बाजूला सारत होते. या वेळी धागेच पाहिले. मामा, ते सगळे धागे नाहीत. त्यातले काही केस आहेत, एकावर एक पेले रचावेत तशा कड्यांचे, आणि टोकाला भाल्याचं पातं. लोकर खाणारी एक केसाळ अळी असते, तिचे हे केस. ते गळतात, कातडीत रुततात आणि आग आग होते. चावत कुणी नाही, पण तुम्हाला टोचत होतं ते खरंच होतं.

मामीची शाल उलगडून बघा. अळ्या दिसल्या तर ती जाळा. फोटो सोबत आहे. खालची तारीख आधी वाचा.

तुमची अपराधी,
मुंगी

ता. ३ एप्रिल, शुक्रवार

चि. मुंगीस अ. आ.

काल पत्र हातात पडल्या पडल्या लिहायला घेतलं होतं, पण चार ओळी लिहून आधी शाल उलगडली. घडीत अळ्यांनी टाकलेल्या, जवाच्या दाण्याएवढ्या केसाळ साली निघाल्या, आणि तीन जिवंत अळ्या. मामीला उराशी धरून बसत होतो, मुंगे, आणि तेच मला टोचत होतं.

फोटो दादाला दाखवला. त्याने आधी पट्टी वाचली. तारीख बरोबर आहे, म्हणाला, पण हे केस तुमच्याच पेटीतले कशावरून? अळ्या दाखवल्या, तर म्हणाला की जुन्या कपड्यात किडे असायचेच. कालपासून शाल डब्यात बंद आहे, आज संध्याकाळपर्यंत खाज निम्मी झाली. तेही सांगितलं. तर म्हणतो डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांचा गुण आला, निवासात पूर्ण बरे व्हाल. तो वाईट नाही गं. मला मलम लावताना त्याचे डोळे भरतात. पण एकदा फसलाय, आता माझ्या हातातल्या कागदावर विश्वास ठेवत नाही.

शाल जाळ म्हणतेस. जाळली तर पुरावा गेला आणि मामीही गेली. ठेवली तर वेड्याने किडे डब्यात जपलेत, असंच म्हणतील. झाकणावर हात ठेवून बसलोय.

येत्या गुरुवारी सकाळी दहाला निवासाची गाडी येणार आहे. आता फोटो नको, तू ये. पहिला खोटा होता आणि दुसरा खरा आहे, हे दादाला तुझ्याच तोंडून ऐकू दे. त्याच्यासमोर डबा उघडू, मग शाल तुझ्या हाताने जाळ, मी अडवणार नाही. येणार असशील तर कधी पोचतेस ते दोन ओळींत कळव. येणार नसलीस तरी कळव, पण लवकर कळव. घड्याळ समोर ठेवलंय. ते बरोबर चालतं, मीच लावलंय.

तुझी वाट पाहणारा,
मामा